डोळ्यातून पाणी येतंय, तरी डोळा कोरडा कसा?

मागच्या लेखात आपण कन्फाउंडिंग म्हणजे काय ते बघितलं. त्यात मी आइसक्रीमचा खप आणि बुडून होणारे मृत्यू हे उदाहरण दिलं होतं. त्यावर एका ज्युनियरने मला सरळ सुनावलं, "ताई, हे सगळ्याच पुस्तकांत आहे. तुमचं स्वतःचं काही सांगा ना." म्हणणं बरोबर होतं. म्हणून आज घरचं उदाहरण. विषय माझ्या पीएचडीचा नाही, पण एका कोपऱ्यात माझ्या पीएचडीला येऊन चिकटतो, तो कसा ते पुढे कळेल.

माझे बाबा ६७ वर्षांचे. अकोल्यात शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत. नऊ वर्षांपासून दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. रात्री झोपताना लॅटानोप्रॉस्टचा एक थेंब, आणि सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल व डॉर्झोलामाइड एकत्र असलेल्या बाटलीतला एकेक. म्हणजे दिवसाला प्रत्येक डोळ्यात तीन थेंब, वर्षाला हजाराहून जास्त.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा दिसलं की बाबांच्या हातात सतत रुमाल आहे. पेपर वाचताना, टीव्ही बघताना, अंगणात बसले की डोळे पुसणं चालूच. विचारलं तर म्हणाले, "अगं, पाणी येऊन राहिलं म्हणजे आतलं प्रेशर उतरून राहिलं ना. चांगलंच आहे ते." आणि मग अगदी सहज, जणू दूधवाल्याला सुट्टी दिली तसं सांगितलं की सकाळचा थेंब त्यांनी बंद केलाय. फार चुरचुरतो, आणि नाहीतरी पाण्याबरोबर वाहूनच जातो. कधीपासून? "झाले असतील तीन-चार महिने."

दुसऱ्याच दिवशी तपासणीला गेलो. दाब, जो औषध नीट चालू असताना १६ च्या आसपास असायचा, तो डाव्या डोळ्यात २४ होता. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा दाब सामान्य धरतात. फील्डच्या तपासणीत डाव्या डोळ्याच्या नाकाकडच्या बाजूचा काळा भाग आधीच्या कागदापेक्षा मोठा दिसत होता. काचबिंदूत डोळ्याची नस मरते, आणि मेलेली नस परत येत नाही. मोतीबिंदूसारखं भिंग बदललं आणि झालं, असं इथे काही नसतं. थेंबांचं काम एवढंच, की उरलंय ते राखायचं.

आता बाबांची थिअरी. हसू नका, कारण ती वरवर पाहता तर्काला धरून आहे: काचबिंदू म्हणजे डोळ्यात पाणी साचून दाब वाढणं, मग पाणी बाहेर आलं तर दाब कमी व्हायलाच हवा. चूक आहे ती 'पाणी' या एका शब्दात. डोळ्यात दोन वेगवेगळी पाणी आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही.

पहिलं पाणी डोळ्याच्या आत असतं. बुब्बुळाच्या रंगीत पडद्यामागे सिलियरी बॉडी नावाचा भाग आहे, तो दर मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर द्रव तयार करतो. हा द्रव बाहुलीतून पुढच्या कप्प्यात येतो आणि रंगीत पडदा व कॉर्निया जिथे मिळतात त्या कोनातल्या जाळीतून झिरपून शेवटी रक्तात जातो. जाळीतून निचरा कमी झाला की दाब वाढतो. दुसरं पाणी म्हणजे अश्रू. ते वरच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या ग्रंथीतून येतं, डोळ्याच्या पृष्ठभागावर पसरतं आणि नाकाकडच्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून नाकात उतरतं. म्हणून तर रडताना नाक वाहतं. या दोन व्यवस्थांच्या मधे कॉर्नियाची भिंत आहे. बादलीभर रडलात तरी आतला दाब त्याने उतरणार नाही.

हे बाबांना वहीवर आकृती काढून दाखवलं. गणिताचे शिक्षक, त्यामुळे आकृती पटली. लगेच पुढचा प्रश्न: "मग एवढं पाणी येते कशाला?"

डॉक्टरांचं उत्तर होतं, "कारण तुमचे डोळे कोरडे आहेत." बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की आता हा माणूस फी कशाची घेतो ते सांग.

पण उत्तर बरोबर आहे. डोळ्यावरची अश्रूंची फिल्म ही नुसती पाण्याची नसते. ती जेमतेम काही मायक्रॉन जाड असते. वर तेलाचा पातळ थर असतो, तो पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथी देतात. मधे पाणी. आणि पाणी कॉर्नियाला धरून राहावं म्हणून म्युसिन, म्हणजे एक चिकट पदार्थ, जो गॉब्लेट पेशी तयार करतात. तेल कमी पडलं तर पाणी उडून जातं, म्युसिन कमी पडलं तर पाणी टिकत नाही. मेणचटलेल्या ताटावर पाणी टाकून बघा, कसं गोळा होऊन घरंगळतं. मग मधेमधे कॉर्निया उघडा पडतो. कॉर्नियात मज्जातंतूंचं जाळं फार दाट आहे. ते मेंदूला कळवतात, मेंदू अश्रुग्रंथीला हुकूम देतो, आणि एकदम पाण्याचा लोंढा येतो. हे आणीबाणीचं पाणी, त्यात तेल आणि म्युसिन पुरेसं नसतं. ते गालावर ओघळतं, दोन मिनिटांनी डोळा पुन्हा कोरडा, पुन्हा लोंढा. नळ गळतोय आणि टाकी रिकामी, अशी गत.

एक मात्र लक्षात ठेवा. थेंब घेणाऱ्याच्या डोळ्यातलं सगळंच पाणी कोरडेपणाचं नसतं. खाज फार असेल, पापण्या लाल होऊन सुजत असतील तर ती औषधाची अ‍ॅलर्जी असू शकते. ब्रिमोनिडिनच्या बाबतीत हे नेहमी दिसतं, आणि तेही कधी कधी कित्येक महिने बिनतक्रार वापरल्यावर. थेंब टाकल्या टाकल्या जी आग होते त्यात डॉर्झोलामाइडचा हात असतो, कारण ते द्रावण थोडं आम्लधर्मी ठेवावं लागतं, पीएच ५.६ च्या आसपास. कोपऱ्यातली छिद्रं आकसली किंवा पुढचा मार्ग बंद झाला तरी पाणी बाहेर वाहतं. वयामुळे खालची पापणी सैल पडली तरी. म्हणजे लक्षण एक, कारणं पाच. आणि उपाय प्रत्येकाला वेगळा. "पाणी येतंय" हे ऐकून कुणी बाटलीचं नाव सांगितलं तर त्याला विचारा, कुठलं पाणी?

मोजायचं कसं, हा संशोधनाच्या विद्यार्थ्यांसाठी गमतीचा भाग. सगळ्यात जुनी पद्धत शिर्मरची, १९०३ सालची. गाळण कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत किती मिलिमीटर ओली होते ते बघायचं. १० च्या वर असेल तर बहुधा ठीक, ५ च्या खाली म्हणजे चांगलीच कमतरता. पण विचार करा: डोळ्यात कागद खुपसल्यावर डोळा काय करेल? पाणी काढेल! आपण मोजायला गेलो आणि मोजण्याच्या कृतीनेच मोजायची गोष्ट बदलली. म्हणून काही ठिकाणी आधी बधिर करणारा थेंब टाकून ही चाचणी करतात. दुसरी पद्धत म्हणजे फ्लुरोसिन नावाचा पिवळा-हिरवा रंग टाकून, निळ्या प्रकाशात, पापणी न मिटता अश्रूंची फिल्म किती सेकंदांनी फाटते ते बघणं. १० सेकंदांच्या आत फाटली तर गडबड. तिसरी म्हणजे प्रश्नावली, त्यातली ओएसडीआय ही १२ प्रश्नांची सर्वांत जास्त वापरली जाणारी.

बाबांची शिर्मर पट्टी १३ मिलिमीटर भिजली. म्हणजे 'ठीक'. फिल्म मात्र ४ सेकंदांत फाटली. एकाच माणसाचा एकच डोळा, एक चाचणी म्हणते ठीक, दुसरी म्हणते बिघडलाय. प्रबंधात आउटकम म्हणून यातली कुठली चाचणी निवडता, यावर तुमचा निष्कर्ष ठरणार. हे आधी ठरवून लिहून ठेवायचं असतं, डेटा बघून नाही.

आता बाटली. तपासणीहून आल्यावर मी फ्रिजच्या दारातली लॅटानोप्रॉस्टची बाटली काढून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं. नऊ वर्षं ती बाटली आमच्या फ्रिजमध्ये आहे, मी कधी वाचलं नव्हतं. घटकांमध्ये लिहिलं होतं: बेन्झाल्कोनियम क्लोराइड, ०.०२ टक्के, प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून.

माझी पीएचडी सर्फॅक्टंटवर आहे. म्हणजे साबणासारखे रेणू, ज्यांचं एक टोक पाण्यात रमतं आणि दुसरं तेलात. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हा धनभारित सर्फॅक्टंट. आमच्या लॅबच्या कपाटात त्याच्या चुलत भावंडांच्या बाटल्या आहेत आणि त्या आम्ही हातमोजे घालून उघडतो. तेलाचा थर फोडणं हेच त्याचं काम, जिवाणूंना मारतो तो त्यांच्या आवरणात घुसून. आणि डोळ्यावरच्या फिल्मचा सगळ्यात वरचा थर कशाचा आहे? तेलाचा.

इथे मी लगेच फोन करून बाबांना "ती बाटली फेकून द्या" म्हणाले नाही, आणि तुम्हीही कुणाला म्हणू नका. आधी हिशोब. ०.०२ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ०.२ मिलिग्रॅम. एक थेंब ३० मायक्रोलिटरचा धरला तर त्यात ६ मायक्रोग्रॅम. हातमोज्यांची गोष्ट आहे ती लॅबमधल्या तीव्र द्रावणाची, ही मात्रा त्याच्या जवळपासही नाही. शिवाय तो त्यात उगाच टाकलेला नाही. महिनाभर रोज उघडली जाणारी, कधी बोटाला तर कधी पापणीला टेकणारी बाटली निर्जंतुक कशी राहणार? दूषित थेंबाने कॉर्नियाला जंतुसंसर्ग झाला तर डोळा महिनोन्‌महिने नाही, काही दिवसांत जाऊ शकतो. गेर्हार्ड डोमाक, ज्यांना सल्फा औषधांसाठी १९३९ चं नोबेल मिळालं, त्यांनी १९३५ मध्ये या वर्गाचे जंतुनाशक गुण दाखवले. पुढे डोळ्यांच्या थेंबांत हे सर्वांत जास्त वापरलं जाणारं प्रिझर्व्हेटिव्ह झालं. म्हणजे प्रश्न 'विष आहे का' असा नाहीच. प्रश्न असा: ६ मायक्रोग्रॅम, दिवसातून दोन-तीनदा, दहा-वीस वर्षं, आधीच म्हातारा होत असलेल्या डोळ्यावर. काय होतं?

प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि प्राण्यांवर काय होतं हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे: गॉब्लेट पेशी कमी होतात, दाह वाढतो, फिल्म लवकर फाटते. माणसांवरचा पुरावा जास्त रंजक आहे, कारण तो एका सुरात बोलत नाही.

२००२ मध्ये पिसेला, पुलिकॅन आणि बोदुअँ या फ्रेंच नेत्रतज्ज्ञांनी काचबिंदूच्या ४१०७ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रिझर्व्हेटिव्ह असलेले थेंब घेणाऱ्यांत ४० टक्क्यांना जळजळ होत होती, नसलेले घेणाऱ्यांत २२ टक्क्यांना. काहीतरी खुपल्यासारखं वाटणं ३१ विरुद्ध १४. कोरडेपणा २३ विरुद्ध १४. आणि डोळ्यातून पाणी, म्हणजे बाबांची तक्रार, २१ विरुद्ध १४. आकडे वाचून मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं.

मग मागचा लेख आठवला. कुणाला कुठली बाटली द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं, डॉक्टरांनी ठरवलं होतं. ज्यांना आधीच त्रास होता त्यांना प्रिझर्व्हेटिव्ह-विरहित थेंब दिले असतील का? असतील तर त्या गटात त्रासलेले डोळे जास्त असणार, आणि खरा फरक दिसतोय त्याहूनही मोठा असणार. उलट, त्या काळी प्रोस्टाग्लँडिन गटातलं प्रिझर्व्हेटिव्ह-विरहित औषध बाजारात नव्हतंच, ते २००८ च्या सुमाराला आलं. म्हणजे दोन गटांत नुसतं प्रिझर्व्हेटिव्ह नाही, मूळ औषधंही वेगळी होती. लॅटानोप्रॉस्ट स्वतःच डोळा लाल करतं, त्याचं बिल प्रिझर्व्हेटिव्हच्या नावावर फाडलं गेलं असेल. मग दिसणारा फरक फुगलेला असणार. बघा, कन्फाउंडिंग नेहमी एकाच दिशेने ढकलतं असं नाही. परीक्षेत "मर्यादा: कन्फाउंडिंग" एवढं लिहून सुटू नका, ते कुठल्या दिशेला ढकलेल तेही सांगा. पिसेला यांच्या पाहणीत एक गोष्ट जास्त वजनदार वाटते: ज्यांचे थेंब मधेच बदलून प्रिझर्व्हेटिव्ह-विरहित केले, त्यांचा त्रास कमी झाला. तिथे माणूस तोच राहतो. अर्थात नवी, महाग बाटली मिळाल्यावर बरं वाटणं हेही असतंच.

२००८ मध्ये ल्युंग, मेडेरॉस आणि वाइनरेब यांनी १०१ रुग्ण तपासले. प्रश्नावलीत ६० जणांनी त्रास सांगितला, पण फिल्म लवकर फाटण्याचा दोष ७९ जणांत निघाला. म्हणजे बऱ्याच जणांना डोळा बिघडलाय याची जाणीवच नव्हती. मात्र शेजारी काचबिंदू नसलेल्या, त्याच वयाच्या लोकांचा गट नव्हता. साठीच्या पुढे कोरडे डोळे तसेही पुष्कळ असतात. तुलना नसेल तर ७९ हा आकडा मोठा की नेहमीचा, कसं ठरवणार?

आणि आता उलटा सूर. २०२० मध्ये हेडेंग्रान आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठी टाकून गट पाडलेल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. दाब कमी करण्यात फरक नाही, हे अपेक्षित आणि दिलासा देणारं. पण दुष्परिणामांतही बेन्झाल्कोनियम असलेल्या आणि नसलेल्या थेंबांमध्ये व्यवहारात जाणवेल असा फरक सापडला नाही!

मग खरं कोण? हे वाचताना मी दोन दिवस अडकले होते. आता मला पटलेलं उत्तर असं: दोघं वेगवेगळ्या प्रश्नाची उत्तरं देतायत. चाचण्या थोड्या काळाच्या असतात, त्यात घेतलेले लोक निवडक असतात, आणि ज्यांचे डोळे आधीच फार बिघडलेत त्यांना बहुधा वगळलेलं असतं. चांगल्या डोळ्यावर तीन महिने एक थेंब, हा एक प्रश्न. बिघडलेल्या डोळ्यावर नऊ वर्षं तीन थेंब, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'फारसा फरक नाही' आणि दुसऱ्याचं 'फरक पडतो' असं एकाच वेळी असू शकतं. त्यामुळे सगळ्या रुग्णांनी सरसकट महाग बाटली घ्यावी, याला माझ्या मते भक्कम आधार नाही. पण ज्याचा पृष्ठभाग आधीच बिघडलाय त्याच्यासाठी बदल करून बघणं रास्त आहे, आणि युरोपियन ग्लॉकोमा सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांचा कलही तसाच आहे. यात आणखी एक कारण आहे. १९९४ मध्ये ब्रॉडवे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अनेक वर्षं अनेक थेंब घेतलेल्यांमध्ये पुढे काचबिंदूचं ऑपरेशन करावं लागलं तर ते यशस्वी होण्याचं प्रमाण कमी होतं. (हाही निरीक्षणाचाच अभ्यास, दिशा कुठली ते तुम्ही सांगा.)

लेझरबद्दल विचाराल म्हणून लिहिते. ब्रिटनमधल्या लाइट नावाच्या चाचणीत ७१८ रुग्ण होते, ती २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. एसएलटी हे लेझर पहिला उपचार म्हणून केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय दाब ताब्यात ठेवता आला. मी उड्या मारतच हे बाबांच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या अभ्यासातले रुग्ण कोण होते?" नव्याने निदान झालेले, आधी उपचार न घेतलेले. बाबा नऊ वर्षांचे जुने. मी पेपरचा निष्कर्ष वाचला होता, पद्धतीचं पान नाही. हे मी चौथ्या वर्षाला असताना घडलं, तेव्हा तुम्ही पहिल्या वर्षाला चुकलात तर वाईट वाटून घेऊ नका.

आता आम्ही काय केलं ते. आधी बाबांची थेंब टाकण्याची पद्धत बघितली आणि मला घाम फुटला. 'वाहून जातो' म्हणून ते दोन-दोन टाकत होते, आणि लगेच डोळे जोरात मिचकावत होते. अश्रूंचं नेहमीचं प्रमाण ७ मायक्रोलिटरच्या आसपास, आणि पापणीच्या खोबणीत फार तर ३० मायक्रोलिटर मावतं. म्हणजे एक थेंबच जेमतेम बसतो. दुसऱ्याने काहीच वाढत नाही, फक्त पहिला बाहेर पडतो आणि सर्फॅक्टंटची अंघोळ दुप्पट होते. एक थेंब टाकताना थोडं गालावर आलं तर ते ठीकच आहे, औषध वाया गेलं असं नाही.

मग पद्धत बदलली. खालची पापणी हलकेच ओढून खोबणीत एक थेंब, बाटलीचं तोंड कुठेही न टेकवता. मग डोळा अलगद मिटायचा, आणि नाकाकडचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा. त्यामुळे थेंब नाकात उतरून रक्तात जात नाही. १९८४ च्या झिमरमन यांच्या अभ्यासात एवढ्याने औषधाचं शरीरात शोषलं जाणं ६० टक्क्यांहून जास्त कमी झालं होतं. टिमोलॉल घेणाऱ्यांनी हे नक्की करावं, कारण ते नाडी मंद करू शकतं आणि दमा असलेल्यांचा श्वास अडवू शकतं. दुसरा थेंब असेल तर निदान पाच मिनिटांनी. डोळ्यांभोवतीची ओल पुसून टाकायची, म्हणजे लॅटानोप्रॉस्टने पापणीची कातडी काळवंडणं कमी होतं.

लॅटानोप्रॉस्टची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते. उघडलेली २५ अंशांपर्यंत बाहेर चालते, पण सहाच आठवडे. अकोल्यात मे महिन्यात २५ अंश फक्त फ्रिजमध्ये मिळतात, त्यामुळे आमची बाटली कायम तिथेच. उघडल्याची तारीख बाबा स्केचपेनने लिहितात.

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगायची आहे. डोळा लाल झाला, पाणी येतंय म्हणून मेडिकलमधून "काहीतरी द्या" असं म्हणून थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. स्टेरॉइडने दोन दिवसांत लाली जाते, इतकं बरं वाटतं की माणूस महिनोन्‌महिने टाकत राहतो, आणि त्यानेच डोळ्याचा दाब वाढतो. काचबिंदूच्या रुग्णाने ते डॉक्टरांना न विचारता घेणं म्हणजे आगीत तेल. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी बाबांना असलीच एक बाटली आणून दिली होती, प्रेमाने. नशीब, ती उघडली नव्हती. गुलाबपाणी, मध वगैरेही नको. कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतात, पण वारंवार लागणार असतील तर तेही प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत, नाहीतर एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेतल्यासारखं होतं. आणि काचबिंदूच्या थेंबानंतर पाच-दहा मिनिटांनी टाकावेत.

डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळची बाटली तीच ठेवली, रात्रीचं औषध प्रिझर्व्हेटिव्ह-विरहित करून दिलं. महाग आहे, बाबांनी किंमत ऐकून दोनदा विचारलं. शिवाय रोज पापण्यांना कोमट शेक, कृत्रिम अश्रू, आणि कूलरची हवा थेट तोंडावर घ्यायची नाही. हे सगळं जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं. मी बाबांना वही दिली: रोज रात्री, आज पाण्याचा त्रास ० ते १० पैकी किती. आधीच्या आठवड्यातले आकडे ७ आणि ८ होते. ऑगस्टमध्ये ३ वर आले. दाब १७. सकाळचा थेंब एकदाही चुकलेला नाही, वहीत बरोबरची खूण आहे.

फोनवर बाबा म्हणाले, "शेकाने फरक पडला बघ." आईचं मत कूलर. मी अर्थातच बेन्झाल्कोनियमच्या बाजूने होते. मग वही समोर ठेवून तारखा पाहिल्या. बाटली, पद्धत, शेक, अश्रू, कूलर, पाच गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्या. आणि जूनच्या मध्यावर अकोल्यात पाऊस सुरू झाला, हवेतला कोरडेपणाच गेला. मी, जी तुम्हाला एका वेळी एकच बदल करा म्हणून सांगते, तिने घरच्या प्रयोगात सहा व्हेरिएबल एकदम हलवले.

बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, पुढच्या मे महिन्यात एकेक करून काढून बघू, सुरुवात त्या महागड्या बाटलीपासून करू. मी म्हटलं, ते डॉक्टरांना विचारून, आणि सकाळच्या थेंबाला हात लावायचा नाही. वहीची नवी पानं त्यांनी आत्ताच आखून ठेवली आहेत.